कार्बन बसलेत का?

दिवाळी अंकासाठी लिहा, निवांत बसून लिहा, असं सांगून अंकवाले गेले. निवांत आणि बसून, दोन्ही मला जमत नाही. ही पहिली ओळ लिहीपर्यंत मी तीनदा उठले. एकदा दूध उतू जातंय असं वाटलं म्हणून, एकदा शेजारच्या घरघंटीचा आवाज बदलला म्हणून आणि तिसऱ्यांदा उगीचच. शेजारणीला भिंतीवरून ओरडून सांगितलं, "अगं बंद कर ती, जाळी सैल झालीय." ती म्हणाली, "आक्का, तुमी दुकान बंद केलंय ना आता?" केलंय. कान कसे बंद करू?

ओतूरला एसटी स्टँडच्या मागं आमचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. मोटार म्हटलं की शहरातल्या माणसाला चारचाकी दिसते. आमच्याकडं मोटार म्हणजे विहिरीवरची. ती जळाली की आतली तांब्याची तार काढायची, वेढे मोजायचे आणि तेवढेच वेढे मारून नवी तार भरायची, हा धंदा. दुकान आमच्या ह्यांचं. लग्न होऊन आले तेव्हा मी फक्त तार धरायची. मग वेढे मारायला लागले. पुढं साखरेनं ह्यांची नजर अधू झाली, तशी मी मोटार खोलायला लागले. गिऱ्हाईक आधी विचारायचं, "मालक न्हाईत का?" मी म्हणायची, "मालक हायेत, पण मोटार मी बघते. दाखवायची आसंल तर दाखवा, न्हाईतर नारायणगावला जा." निम्मे जायचे. वर्षभरात तेच परत यायचे. मी तोंडाची फटकळ आहे, पण हाताची पक्की होते. होते असं मी समजत होते.

विहिरीवरच्या मोटारीला ठिणगी नसते. ती जळते तेव्हा गुपचूप जळते, वास येतो तेवढाच. ठिणगीवाल्या मोटारी वेगळ्या. तुमच्या मिक्सरमधली, सुताराच्या ड्रिलमधली, कारखान्यातली डीसी मोटार. त्यांच्या पोटात तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल रूळ फिरत असतो. त्याला कॉम्युटेटर म्हणतात. गिऱ्हाईक त्याला बिनदिक्कत कॉम्प्युटर म्हणतं. "आक्का, मिक्सरचा कॉम्प्युटर गेलाय" असं सांगत बाया यायच्या आणि मी न हसता पिशवी घ्यायची. त्या रुळाला कोळशाचे चौकोनी ठोकळे टेकलेले असतात, ते कार्बन. प्रत्येक कार्बन आपापल्या पितळी घरात असतो आणि मागून स्प्रिंग त्याला पुढं दाबत असते. फिरत्या रुळाला वीज पोचवायची ती ह्या ठोकळ्यांनी. ठोकळा झिजतो, स्प्रिंग त्याला तेवढाच पुढं सारते. हे टेकणं बिघडलं की ठिणग्या उडतात.

ठिणगी बघायची सुद्धा एक रीत आहे. कार्बनच्या कडेला बारीक निळसर चमकत असेल तर घाबरायचं नाही, मोटारीचा स्वभाव आहे तो. पिवळी, तांबूस, उडणारी ठिणगी वाईट. आणि रुळाच्या भोवती आगीचं कडंच दिसायला लागलं तर आधी बटण बंद करायचं आणि मग देवाचं नाव घ्यायचं. कार्बन संपलेत का, स्प्रिंग मऊ पडली का, रुळावर खड्डे पडले का, आतलं वेटोळं तुटलं का, की मोटारीवर झेपेना एवढा जोर टाकलाय, हे एकेक करत तपासायचं. आणि नवा कार्बन घातला असेल, तर तो रुळाच्या गोलाईवर घासून घासून पुरता टेकलाय का ते बघायचं. पुरता टेकला की आम्ही म्हणतो, कार्बन बसला. बसला म्हणजे काम झालं. हा शब्द लक्षात ठेवा, याच शब्दानं मला तोंडघशी पाडलं.

अवसरी बुद्रुकचे एक पाव्हणे ग्राइंडर घेऊन आले होते. ठिणग्या अशा, की दिवाळी आधीच आली. खोलून बघते तर कार्बनच्या जागी काहीतरी काळं, वेडंवाकडं. विचारलं, हे काय? तर म्हणाले, "बॅटरीच्या सेलमधली कांडी. घासून बसवलीय. तीबी कार्बनच की!" आहे, तीही कार्बनच आहे, पण तिनं तांबं उंदरासारखं कुरतडलं होतं. दुसऱ्या एका बाईनं मिक्सरचा रूळ काळा पडला म्हणून भांडी घासायच्या तारेच्या घासणीनं लख्ख केला होता. तारेचे तुकडे पट्ट्यांच्या फटीत. मी चिडले, तर म्हणते कशी, "अवो, मला घाण बघवत न्हाई." अशी माणसं भेटायची म्हणून दिवस बरे जायचे.

मोबाइल आले आणि माझा एक नवाच डौल सुरू झाला. लोक फोन करायचे, "आक्का, ऐका," आणि फोन मोटारीजवळ धरायचे. मी ऐकून सांगायची, बेअरिंग गेलंय, पट्टा सैल आहे, एक फेज नाही. दहातल्या नऊ वेळा बरोबर यायचं. पंचक्रोशीत बोलबाला झाला, आक्का फोनवर मोटारीचं दुखणं सांगते. मला लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण त्यापायी मी जाऊन बघायचं कमी केलं. ह्यांनी एकदा टोकलं, "डॉक्टरबी नाडी धरतो गं." मी म्हटलं, तुम्ही गप बसा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. मधेच एकदा चहा ठेवून आले.

ओतूरच्या बाहेर, आमच्या दुकानापासून गाडीवर दहा मिनिटांच्या अंतरावर, ठिबकच्या नळ्या काढायचा एक छोटा कारखाना आहे. मालक सुभाषशेठ. घराणं मूळचं राजस्थानकडचं, पण तीन पिढ्या इथंच, आणि बोलणं आमच्याहून मराठी. माणूस भला, पण सदा घाईत. तिथं प्लॅस्टिकचे दाणे एका लांब लोखंडी नळकांड्यात टाकतात. त्याला बॅरल म्हणतात. हिटरनं बॅरल तापतं, दाणे वितळतात आणि आतला जाडजूड स्क्रू तो लगदा पुढं ढकलतो. स्क्रू फिरवते एक मोठी डीसी मोटार. बॅरल पुरतं तापायच्या आत मशीन चालू केलं तर स्क्रू अडतो, मोटारीवर भलता जोर येतो आणि कार्बनपाशी जाळ होतो. म्हणून चांगला ऑपरेटर कोण? तर ज्याला थांबता येतं तो.

तिथला ऑपरेटर मारुती. आहुप्याचा. चाळिशीचा, सडपातळ, मोजकं बोलणारा. ओतूरला खोली घेऊन राहायचा, कारण पोरगी काजल इथल्या कॉलेजात बारावीला होती. बायको वर गावी, म्हाताऱ्या सासूपाशी. मारुतीचं सगळं गणित त्या पोरीच्या बारावीवर चाललेलं. मला म्हणायचा, "आक्का, आमच्या घरात बारावीचा पेपर कुनी बघितलेला न्हाई. ती देऊन दावणार हाय."

त्या वर्षी खंडेनवमीला शेठनी मला पूजेला बोलावलं. कारखान्यात त्या दिवशी मशीन बंद. सगळं धुऊनपुसून, हळदीकुंकू, झेंडूचे हार. मोटारीला वरून कार्बन बघायला खिडकी असते, तिची जाळी धुऊन उन्हात वाळत घातलेली. शेठ म्हणाले, "आक्का, ह्या मोटारीच्या डॉक्टर तुम्ही. नारळ तुम्हीच वाढवा." मला मान मिळाला, अंगावर मूठभर मांस चढलं. मी नारळ वाढवला, करवंटीतलं पाणी घेतलं आणि रीतीप्रमाणं चारी बाजूंनी शिंपडलं. मोटारीवर जरा जास्तच, कारण ती माझी. सगळ्यांनी खोबरं खाल्लं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दसरा, एकमेकांना सोनं दिलं.

पुढच्या आठवड्यात शेठचा फोन. "आक्का, मोटार ठिणग्या मारतेय. दिवाळीनंतर टोमॅटोवाल्यांना नळ्या द्यायच्यात, कसं करायचं?"

आमच्याकडं तेव्हा दिवाळीची गर्दी. घराघरात भाजणी दळायची घाई आणि त्याच वेळी सगळ्यांचे मिक्सर बसतात. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, "मोटारीजवळ फोन धरा." धरला. आवाज जड येत होता, ओढ लागल्यासारखा. पूजेच्या आदल्या आठवड्यातच मोटारीला चार नवे कार्बन घातले होते, म्हणून म्हटलं, "मारुतीला द्या."

"मारुती, कार्बन बसलेत का?"

"बसलेत आक्का. पार बसलेत."

"चारी?"

"दोन पार बसलेत, आन् बाकीचे दोन..."

"बरं बरं, शेठला दे फोन."

बाकीच्या दोघांचं काय, ते मी ऐकूनच घेतलं नाही. दोन पुरते बसलेत म्हणजे बाकीचेही आज-उद्या बसतील, असा माझा हिशेब. शेठना सांगितलं, "मोटारीत दोष न्हाई. बॅरल तापायच्या आत कुनीतरी मशीन चालू करतंय. ज्याचा हात, त्याचा दोष."

फोन ठेवला आणि पुढचा मिक्सर उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुती दुकानाच्या पायरीशी उभा. त्याला नारळ मिळाला होता. आपल्या भाषेची पण गंमत बघा. पूजेत वाढवायचा तो नारळ आणि कामावरून काढताना देतात तोही नारळच. काजल पलीकडं स्टँडच्या कट्ट्यावर दप्तर आणि एक बोचकं घेऊन बसलेली.

"आक्का, मी तापायच्या आदी मशीन चालू न्हाई केलं," तो म्हणाला. "कधीच न्हाई केलं."

माझ्यासमोर चार बाया आपापले मिक्सर घेऊन उभ्या. मी म्हटलं, "मारुती, मोटार खोटं बोलत न्हाई."

"मोटार तुमी बघितली कुटं?"

एवढंच बोलला तो. आवाज चढवला नाही. पण चार बायांसमोर मला ते झोंबलं. मी म्हटलं, "ह्या धंद्यात माझे केस पिकलेत. मला शिकवू नको." तो वळला, बोचकं उचललं, आणि बापलेक मंचरच्या गाडीत चढले. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागणारच होती, त्यामुळं पोरीचं नुकसान नाही, असं मी मनात म्हटलं. बघा, म्हणजे तेव्हाच मला मनाची समजूत घालावी लागत होती.

चार दिवसांनी शेठनी गाडी पाठवली. नवा ऑपरेटर ठेवला होता, तो बॅरल तासभर तापवायचा, तरी ठिणग्या दुप्पट. आता मात्र गेले. खिडकीची जाळी काढली, बॅटरी मारली. रुळावर काळे चट्टे पडलेले. कार्बन बाहेर काढायला स्प्रिंग उचलली आणि दोन बोटांनी ठोकळा ओढला. हलेना. पक्कड लावली तेव्हा कुठं टचकन सुटला. कार्बन आपल्या घरात घट्ट अडकून पडला होता. तो झिजत होता, पण स्प्रिंगला पुढं सारता येत नव्हता, म्हणून रुळाला पुरता टेकत नव्हता, म्हणून ठिणग्या. एवढा साधा दोष! दुकानात नवीन आलेल्या माणसालाही सापडला असता. दुसरा काढला, तोही तसाच. खालचे दोन मोकळे.

वरचेच दोन का, म्हणून मी त्या पितळी घराच्या भिंतीवर बोट फिरवलं. चिकट. काळ्या भुकटीचा पाक झालेला. नाकाशी नेलं, तर आंबूस, खवट, गोड वास. आणि त्यात लाल कण. कुंकू.

खंडेनवमीचा दिवस आठवला. धुतलेली जाळी उन्हात वाळत होती, खिडकी सताड उघडी होती आणि त्या उघड्या खिडकीवर नारळाचं पाणी शिंपडणारी मी होते. आयुष्यभर लोकांना ओरडत आले, की मोटारीला पाणी दाखवू नका, आणि मान मिळाल्याबरोबर मीच करवंटी उपडी केली. देवाच्या कामात डोकं बाजूला ठेवायची आपल्याला सवय लागलेली असते, हे खरं. पण ते कारण झालं, माफी नव्हे.

तेवढ्यात शेठ मागून म्हणाले, "काय सापडलं का आक्का?"

आणि मी काय केलं असेल? फडकं घेतलं आणि पुसून टाकलं. वरची घरं, खालची घरं, सगळं चकाचक. मग म्हटलं, "कार्बन अडकले व्हते. साफ केलेत. रूळ घासून देते, चालंल." काचकागदानं रूळ घासला, कार्बन बसवले, मोटार गुमान चालली. शेठ खूश. मी जाता जाता खालच्या आवाजात म्हटलं, "मारुतीचा दोष नव्हता म्हणायचा." शेठ फोनवर बोलत होते. हात हलवून म्हणाले, "असू द्या आक्का, आता दुसरा माणूस लागलाय."

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. चकल्या करायला बसले, तर सोऱ्या हातात धरून उठले. दुकानात आले, तर घरी जावंसं वाटायचं. फराळाचं ताट घेऊन लोकांकडं जायचं, तर दारातून परत. ह्यांना दिसत कमी, पण कळतं जास्त. म्हणाले, "काय झालंय? पायाला भिंगरी लागल्यागत करतीस." भाऊबीजेच्या सकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, धीर देतील. म्हणाले, "मला सांगून काय उपेग? कॉलेज उघडायच्या आत जा. पोरगी वरच राहिली तर ते तू भरून देणार हायस व्हय?"

दुसऱ्या दिवशी आहुप्याला निघाले. मंचरला गाडी बदलली, घोडेगाव गेलं, डिंभे धरणाचं पाणी बाजूनं सुरू झालं. पुढं रस्ता वळणावळणाचा, गाडीत चार माणसं. मी एका सीटवरून दुसऱ्या सीटवर, दुसरीवरून तिसरीवर. कंडक्टर म्हणाला, "मावशी, एका जाग्याव बसा की, गाडी तीच हाय."

आहुप्यात भातकापणी चाललेली. मारुती खळ्यावर भाताच्या पेंढ्या झोडत होता, काजल मागं उभी राहून सुपानं दाणे वारवत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं. मारुतीनं हात पुसले आणि म्हणाला, "आक्का, एवढ्या लांब? बसा." त्याच्या बायकोनं पाणी आणलं. कुणी वाकडं बोललं नाही. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी उभ्या उभ्याच सुरू केलं. "मारुती, कार्बन घरात अडकले व्हते."

तो म्हणाला, "मी तेच सांगितलं व्हतं."

"कधी?"

"फोनवर. तुमी इचारलं बसलेत का, मी म्हणलं पार बसलेत. बोटानं दाबलं तरी हालत नव्हते. दोन बसलेत आन् बाकीचे दोन मोकळे हायेत, आसं सांगत व्हतो. तुमी म्हणला, शेठला दे."

मी मटकन ओट्यावर बसले. आमच्या दुकानात बसला म्हणजे जमला. दुकानाबाहेर सगळ्या मुलखात बसला म्हणजे अडकला, खचला, बंद पडला. गळा बसतो, धंदा बसतो, मिक्सर बसतो, मी स्वतः दिवसातून दहा वेळा तसंच बोलते. त्यानं खरं तेच सांगितलं होतं, आणि दोष नेमका ओळखूनही दिला होता. मी माझ्या धंद्याचा कान लावून ऐकलं आणि त्याचं वाक्य अर्ध्यात तोडलं.

मग नारळाचं सांगितलं. खिडकी, करवंटी, कुंकू, फडकं, सगळं. फडक्याचं सांगताना मला रडू आलं. काजल बापाकडं बघत होती. मारुतीनं भाताची पेंढी बाजूला सारली.

"शेठला म्हाइत हाय?"

"कार्बन अडकले व्हते, एवढं म्हाइत हाय. कुणामुळं, ते न्हाई."

"मी नारायनगावला दोन ठिकाणी गेलतो कामाला," तो म्हणाला. "दोन्हीकडं माझ्या आदी फोन पोचला व्हता. म्हणले, तापायच्या आदी मशीन दामटतो तोच ना तू? काम कुटंबी मिळंल आक्का. पर ते माझ्या नावाला चिकटलंय, ते आदी काढा. जिथं लागलं तिथंच. समद्यांम्होरं."

"काढते," मी म्हटलं. "तू चल माझ्यासंगं."

"आन् पोरीचं कॉलेज?"

"तिची बॅग भरा." हे मी कुणाच्या जिवावर बोलले मला माहीत नाही, पण बोलले. काजल उठून आत गेली आणि लगोलग दप्तर घेऊन बाहेर आली. ते तिनं रिकामं केलंच नव्हतं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी आम्ही कारखान्यात गेलो, चहाच्या सुट्टीत, सगळी माणसं एकत्र असतात तेव्हा. सात-आठ जण, नवा ऑपरेटर आणि शेठ. मारुती दाराजवळ उभा राहिला. फटकळ बाईला कबुली द्यायची वेळ आली की किती शब्द शोधावे लागतात, ते त्या दिवशी कळलं. मी सांगितलं, की मारुतीनं बॅरल तापायच्या आत मशीन कधीच चालू केलं नाही. त्यानं मला दोष बरोबर सांगितला होता, मी न बघता, न ऐकता त्याच्यावर ढकलला. आणि मोटार बिघडली ती खंडेनवमीला मी ओतलेल्या नारळाच्या पाण्यानं, आणि ते मला कळल्यावर मी ते पुसून टाकलं, शेठ, तुमच्या डोळ्यांदेखत.

आता शेठ काय म्हणतील? इथून पुढं मोटार आणणार नाहीत, चार ठिकाणी सांगतील, आक्काचं नाव गेलं. जायला हवंच होतं. मी त्याच तयारीनं आले होते.

शेठ हसले. खळखळून, मनापासून हसले. "अहो आक्का! देवाचं पाणी ते! त्यात तुमचा काय दोष? मोटारीला प्रसाद जरा जास्त झाला म्हणायचा!" सगळे हसले. नवा ऑपरेटर हसला. कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला. शेठ मारुतीला म्हणाले, "ये रे, तूही ये. झालं गेलं गंगेला मिळालं. उद्यापासून पहिल्या पाळीला ये. दोन पाळ्या चालवायच्याच आहेत." आणि माझ्यासमोर त्यांनी नारायणगावला दोन्ही ठिकाणी फोन लावून सांगितलं, की मारुतीबद्दल बोललो ते चुकीचं होतं. जे मागायला आले होते ते सगळं मिळालं. कपातला चहा संपायच्या आत.

बाहेर आलो. मला हलकं वाटायला हवं होतं. मारुती गेटपाशी थांबला, चपलेतला खडा काढला आणि सरळ, न चिडता म्हणाला,

"आक्का, तुमचा दोष देवानं घेतला. माझा मातर माझ्याच अंगाव व्हता."

मी म्हटलं, "मारुती, मला..."

"तुमाला न्हाई म्हणत. तुमी आला, लई झालं. पर बघा की. तुमी खरंच केलं व्हतं, तर चहा मिळाला. मी केलंच नव्हतं, तर कुनी इचारलंबी न्हाई."

तो कामावर लागला. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, बॅरल तापेपर्यंत शांत उभा राहायचा, मशीन नीट चालवायचा. शेठ सगळ्यांना सांगायचे, असा ऑपरेटर जिल्ह्यात नाही. काजलनं बारावीचे सगळे पेपर दिले. तिचा शेवटचा पेपर झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मारुतीनं मशीन पुसलं, चावी शेठच्या टेबलावर ठेवली, हात जोडले आणि गेला. आता चाकणकडं कुठंतरी आहे. काजल पुढं शिकतेय, दसऱ्याला तिचा फोन येतो.

शेठ अजून भेटले की विचारतात. मनापासून विचारतात, त्यांना खरंच कोडं पडलंय. "आक्का, सगळं मिटलं होतं हो. मी चार लोकांत त्याला मान दिला, पगार वाढवतो म्हटलं. मग मारुती गेला का?"

मी दर वेळी म्हणते, "मला कशाला इचारता? त्याचा नंबर हाय तुमच्याकडं. त्यालाच इचारा की."

ते हो म्हणतात. अजून त्यांनी विचारलेलं नाही.